जोईचा चेहरा

२९ डिसेंबर १८०६, सोमवारची संध्याकाळ. लंडनच्या बो स्ट्रीटवर घोडागाड्या एकीला एक लागून उभ्या आहेत. कोळशाचा धूर धुक्यात मिसळून खाली उतरलाय आणि तुमच्या घशाला लागतोय. कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहाच्या दाराशी रेटारेटी चालली आहे. तुमच्या अवतीभवतीचे बरेच जण मुद्दाम उशिरा आलेत. आधीचं गंभीर नाटक बरंच पुढे सरकलं की तिकीट निम्म्या दराने मिळतं, आणि यांना बघायचाय तो नाटकानंतरचा पँटोमाइम. तुम्हीही त्यांच्याबरोबर आत शिरा, जिने चढा, सगळ्यात वरच्या गॅलरीत जागा धरा. इथून रंगमंच फार खाली आणि फार लांब दिसतो. नटांचे चेहरे नीट ओळखूसुद्धा येत नाहीत. हे लक्षात ठेवा.

प्रेक्षागृहात अंधार करायची पद्धत अजून आलेली नाही. मेणबत्त्या आणि तेलाचे दिवे शेवटपर्यंत जळतात, त्यामुळे सगळे सगळ्यांना दिसतात: बॉक्समधले उमराव, पिटात बसलेले वकील आणि कारकून, तुमच्या शेजारी संत्रं सोलणारा, कुठल्याशा सुताराकडे उमेदवारी करणारा पोरगा. समुद्रापलीकडे नेपोलियन आहे, लढाई कधी संपेल कुणाला ठाऊक नाही. नाताळचा आठवडा आहे आणि लोकांना हसायचंय.

पडदा जातो. वादळ, विजा, आणि हंसावर बसून आकाशातून येणारी मदर गूज. आजच्या खेळाचं नावच 'हार्लेक्विन अँड मदर गूज' आहे. लिहिलाय टॉमस डिब्डिनने. गोष्ट समजायला इंग्रजी येण्याची गरज नाही. एक तरुण, त्याची प्रेयसी, तिचा लोभी पालक, आणि पालक ज्याला तिच्या गळ्यात बांधू पाहतोय असा एक गबर जमीनदार. मदर गूज त्या तरुणाला सोन्याचं अंडं घालणारी हंसी देते, मग लोभ आडवा येतो, मग ती रागावते आणि जादूने सगळ्यांची रूपं पालटते. इथे पँटोमाइमची खरी सुरुवात. तरुणाचा होतो हार्लेक्विन, मुलीची कोलंबाइन, म्हाताऱ्या पालकाचा पँटलून. आणि तो गबर जमीनदार, स्क्वायर ब्यूगल? त्याचे वरचे कपडे निघतात आणि आतून जो बाहेर येतो त्याला बघून तुमच्या शेजारचा पोरगा संत्रं विसरून उभा राहतो.

पांढराफटक चेहरा. मान पांढरी, छातीपर्यंत पांढरं. गालांवर लाल त्रिकोण, भुवया जाड काळ्या, ओठ इतके रंगवलेले की तोंड कानापर्यंत फाटल्यासारखं वाटावं. डोक्यावर केसांचे विचित्र तुरे, अंगात भडक रंगाचे ठिपके, पट्टे, झालरी. आणि तो चेहरा तुम्हाला दिसतो. एवढ्या उंचावरून, एवढ्या लांबून, डोळ्याच्या कोपऱ्यातली हालचालसुद्धा दिसते.

हा जोसेफ ग्रिमाल्डी. वय २८. लंडनचे लोक त्याला जो म्हणतात, जोई म्हणतात.

पुढचा तासभर तो चोरी करतो, खातो, पितो, मार खातो, मार देतो, घाबरतो आणि घाबरलो नाही असं दाखवतो. हाताला लागेल ते त्याच्या खिशात जातं, आणि खिसा काही केल्या भरत नाही. आपल्या तमाशातला सोंगाड्या राजाला, पाटलाला, शिपायाला हातोहात बनवतो, तसाच हा लंडनच्या दुकानदारांना आणि पहारेकऱ्यांना बनवतो, फरक एवढाच की जवळजवळ तोंड न उघडता. तुम्ही हसता. तुमच्या खाली उमरावही हसतो, आणि दोघं एकाच क्षणी हसता. हे बघून ठेवा, कारण या शहरात त्या दोघांना एकत्र आणणारं दुसरं फारसं काही नाही.

हा खेळ त्या हंगामात ९२ रात्री चालेल आणि नाट्यगृहाला २०,००० पौंडांहून जास्त नफा देईल. पण आज प्रयोग संपल्यावर रंगपटात डोकावलात, तर खुद्द ग्रिमाल्डी खचून बसलेला दिसेल. आजचं आपलं काम आयुष्यातल्या सगळ्यात वाईट कामांपैकी एक होतं असं त्याला वाटतंय. बाहेर टाळ्या थांबत नाहीत, आणि त्याला आपली जी चूक दिसतेय ती त्या हजारो माणसांपैकी एकालाही दिसलेली नाही. ज्याला आपलं काम येतं, त्यालाच असं वाटू शकतं.

आता थोडं मागे जाऊ. १८००, एप्रिल, ईस्टरनंतरचा सोमवार. इस्लिंग्टनमधलं सॅडलर्स वेल्स. कॉव्हेंट गार्डन आणि ड्रुरी लेन ही राजपरवान्याची नाट्यगृहं; बोललेलं नाटक करायचा हक्क कायद्याने अशा नाट्यगृहांचाच. बाकीच्यांनी गावं, नाचावं, मूकाभिनय करावा, कसरती दाखवाव्यात. सॅडलर्स वेल्सवाले हे बंधन पाळता पाळता इतके हिकमती झालेत की आणखी चार वर्षांनी ते रंगमंचाखाली मोठी टाकी बांधून तीत शेजारच्या न्यू रिव्हरचं पाणी सोडतील आणि तिच्यात लढाऊ जहाजं तरंगवतील. शब्दांना बंदी असलेल्या अशा जागी चेहऱ्याला आणि अंगाला शब्दांचं काम करावं लागतं.

आजचा खेळ 'पीटर विल्किन्स', लेखक चार्ल्स डिब्डिन धाकटा, टॉमसचा भाऊ. त्यात दोन क्लाउन आहेत, एक खादाड आणि एक पिदाड. खादाड झालाय जुना जाणता नट द्युब्वा, पिदाड झालाय ग्रिमाल्डी. तोवरचा इंग्रज क्लाउन म्हणजे खेडवळ गडी: लालसर तोंड, फाटके कपडे, भाबडा. आज आरशासमोर ग्रिमाल्डी पूर्ण तोंडाला सफेदा चढवतो आणि त्यावर लाल रंग भरतो. तुम्ही त्याच्या खांद्यामागे उभे राहा आणि बघा. तो सफेदा म्हणजे कोरा कागद आहे. त्यावर जे काढाल ते शेवटच्या रांगेतून वाचता आलं पाहिजे. गाल हलला की त्रिकोण हलला पाहिजे, भुवई उडाली की गॅलरीला कळलं पाहिजे. हा एका कारागिराचा विचार आहे. दिवा किती, अंतर किती, रंग कुठे, याचा हिशेब त्या चेहऱ्यात आहे.

मी तुम्हाला याच सालात थोडं थांबवतोय, त्याला कारण आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्याची बायको मारिया बाळंतपणात गेली, बाळही वाचलं नाही. सॅडलर्स वेल्सच्या मालकाची ती मुलगी. दोघांच्या लग्नाला फार दिवसही झाले नव्हते. तो वेडापिसा झाला आणि मग पुन्हा कामावर उभा राहिला. पुढच्या दोनशे वर्षांत लोक सांगत राहतील की विदूषकाचा रंग हा अश्रू लपवायला असतो. तारखा बघा. रंग एप्रिलमधला आहे आणि हे दुःख ऑक्टोबरमधलं. तो चेहरा दुःखातून निघाला नाही, तो कामातून निघाला.

तुम्ही म्हणाल, दुःख त्याआधीही असेलच. होतं. आणखी मागे या, १७८०च्या दशकात. त्याचा बाप जुझेप्पे, इटलीहून आलेला, नृत्य बसवणारा, पँटोमाइममधला नावाजलेला नट आणि घरात जुलमी माणूस. जोसेफ तीन वर्षांचा व्हायच्या आत त्याला बापाने रंगमंचावर उभं केलं. एका खेळात पोराला माकडाचं सोंग दिलंय, कमरेला साखळी बांधलीये, आणि बाप ती साखळी धरून त्याला डोक्याभोवती गरगरा फिरवतोय. लोक खूश आहेत. एका रात्री साखळी तुटते. पोर हवेतून पिटात जाऊन पडतं, ते नेमकं एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या हातांत, म्हणून वाचतं. हा प्रसंग त्याच्या आत्मचरित्रात आहे. बाप वारला तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता, आणि आठवड्याची कमाई घरी आणणारा होता. त्याला जे येत होतं ते या लहानपणात अंगात भिनलेलं होतं: पडायचं कसं, उठायचं कसं, वेळ साधायची कशी. बापाच्या माराचं कौतुक करण्याची मला मुळीच इच्छा नाही. त्या माराने हसू आलं असं कुणी म्हटलं तर मी ते मानणार नाही. हसू आलं ते तालमीतून.

आता १८१२. कॉव्हेंट गार्डनचं जुनं नाट्यगृह १८०८ साली जळून गेलंय, तुम्ही बसला आहात ते नवं आहे. खेळ 'हार्लेक्विन अँड द रेड ड्वार्फ'. लंडनमध्ये सध्या हुसार घोडेस्वारांच्या झकपक गणवेशाचं वेड आहे. ग्रिमाल्डी रंगमंचावरच हाताला लागेल त्यातून स्वतःचा गणवेश बनवतो. पायांत बूट म्हणून कोळसा भरायच्या दोन बादल्या. टाचांना घोड्याचे नाल, वर पळ्यांच्या आऱ्या. तो खणखणत चालू लागतो आणि सगळं नाट्यगृह डोक्यावर घेतलं जातं. दुसऱ्या एका खेळात त्याने भाज्यांचा माणूस रचला होता. तो जिवंत होऊन त्याच्याशीच ठोसेबाजी करायला लागला. कुठे चीजच्या चकत्यांची चाकं आणि पाळण्याची गाडी. घरातल्या सामान्य वस्तू त्याच्या हातात आल्या की त्यांना दुसरा जन्म मिळायचा. चार्ली चॅप्लिन पुढे काट्याला पाव टोचून त्यांचा नाच करेल, तो याच घराण्यातला. नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. १९००च्या नाताळात लंडनच्या हिप्पोड्रोममधल्या 'सिंड्रेला' पँटोमाइममध्ये मांजराचं सोंग घेतलेला अकरा वर्षांचा पोरगा चॅप्लिनच होता.

आणि गाणं. १८१९ पासून त्याच्या तोंडी 'हॉट कॉडलिन्स' नावाचं एक गाणं आहे. भाजलेली सफरचंदं विकणारी एक म्हातारी, तिला जिन प्यायची सवय. कडव्यात तो शब्द यायचा तिथे ग्रिमाल्डी गप्प उभा राहतो, निरागस चेहऱ्याने लोकांकडे बघतो. गॅलरी एका सुरात 'जिन!' असं ओरडते. मग तो चपापून, दुखावल्यासारखा त्यांच्याकडे बघतो, जणू काही हे लोक असलं काही बोलतील अशी त्याची कल्पनाच नव्हती. तुम्हीही ओरडा. सगळ्या इंग्लंडला हे गाणं पाठ आहे आणि पुढे कितीतरी वर्षं, तो नसतानाही, पँटोमाइममधल्या प्रत्येक क्लाउनकडून लोक हेच गाणं मागून घेतील.

१८२३. आज गॅलरीत बसू नका, विंगेत उभे राहा. इथून दुसराच खेळ दिसतो. ग्रिमाल्डी रंगमंचावर कोलांटी घेतो, हशा उसळतो, तो नाचत विंगेत येतो आणि येताक्षणी कोसळतो. दोन माणसं त्याला झेलायलाच उभी केलेली आहेत. दुसरी दोघं त्याचे पाय चोळायला लागतात, कारण पोटऱ्यांत गोळे येऊन त्यांच्या गाठी झाल्यात. त्याच्या डोळ्यांतून पाणी येतंय. इशारा होतो, तो उठतो आणि पुन्हा प्रकाशात उडी मारतो. पन्नास फुटांवर बसलेल्या कुणालाही काही कळत नाही. वय पंचेचाळीसही झालेलं नाही. चाळीस वर्षं हे अंग पडलंय, आपटलंय, एकाच रात्री दोन नाट्यगृहांत कामं करून मधल्या रस्त्यावर धावलंय. एकदा बुटातलं पिस्तूल बुटातच उडालं आणि पाऊल भाजून निघालं, तेव्हा मेरी नावाच्या नटीने त्याची शुश्रूषा केली. तिच्याशी त्याने दुसरं लग्न केलं. त्या लग्नातला एकुलता एक मुलगा, धाकटा जोसेफ, याच वर्षी बापाची जागा घेतो.

२७ जून १८२८, ड्रुरी लेन. निरोपाचा प्रयोग. कॉव्हेंट गार्डनने आपलं नाट्यगृह यासाठी द्यायला नकार दिला. ज्या नाट्यगृहाला त्याने एका खेळात वीस हजार पौंड मिळवून दिले, त्याला एक रात्र देता आली नाही. हे वाचताना मला दरवेळी संताप येतो. ड्रुरी लेनने दार उघडलं. त्याला उभं राहता येत नाही, म्हणून रंगमंचावर खुर्ची आहे. तो बसून प्रवेश करतो, बसून 'हॉट कॉडलिन्स' गातो, आणि गॅलरी आपला शब्द वेळेवर ओरडते. मग तो लोकांचा निरोप घेतो. ड्रुरी लेनच्या निधीतून त्याला वर्षाला १०० पौंडांचं निवृत्तिवेतन मिळू लागतं.

पुढची वर्षं मी भराभर उलटतो. १८३२ साली मुलगा दारूपायी तिशीत गेला. नंतर मेरीही गेली. पेंटनव्हिलमध्ये एकटा राहणारा जो रोज संध्याकाळी जवळच्या 'मार्क्विस ऑफ कॉर्नवॉलिस' या गुत्त्यात जातो, आणि परत येताना गुत्त्याचा मालक त्याला पाठीवर घेऊन घरी सोडतो. ३१ मे १८३७च्या रात्रीही त्याने असंच सोडलं. सकाळी ग्रिमाल्डी उठला नाही.

मरण्याआधी त्याने आपल्या आठवणींची बाडंच्या बाडं लिहून ठेवली होती. ती एका संपादकाकडून प्रकाशक बेंटलीकडे आली आणि बेंटलीने ती 'पिकविक'मुळे नुकत्याच गाजलेल्या एका पंचविशीतल्या लेखकापुढे ठेवली. चार्ल्स डिकन्स. त्याने लहानपणी नाताळात जोला बघितलं होतं. १८३८ साली पुस्तक आलं, चित्रं जॉर्ज क्रुकशँकची. डिकन्सला दुःख लिहिता यायचं, आणि वाचकांना ते हवंच होतं. तेव्हापासून ग्रिमाल्डी म्हणजे जगाला हसवणारा आणि आतून रडणारा माणूस, ही प्रतिमा घट्ट झाली. तुम्ही ती गोष्ट ऐकली असेल: उदास माणूस वैद्याकडे जातो, वैद्य सांगतो की जा, ग्रिमाल्डीचा खेळ बघ, आणि तो म्हणतो, मीच ग्रिमाल्डी. हीच गोष्ट युरोपातल्या दुसऱ्या विदूषकांच्या नावावरही सांगितली गेली आहे. ती ऐकायला चांगली वाटते, पण तिच्यात ग्रिमाल्डीचं काम कुठेच नाही. तो कसा पडायचा, कुठे थांबायचा, गप्प राहून तीन हजार माणसांकडून एक शब्द कसा काढायचा, याचं तिला काहीही देणंघेणं नाही. उदास माणसं पुष्कळ असतात. त्या सगळ्यांना विंगेत कोसळून पुन्हा रंगमंचावर उडी मारता येत नाही.

त्याचा चेहरा मात्र कुणाच्या मालकीचा राहिला नाही. पँटोमाइममधून तो सर्कशीच्या रिंगणात गेला आणि सर्कशीबरोबर बोटीत चढला. १८८०, मुंबई. कुरुंदवाड संस्थानात घोडे तयार करणारे विष्णुपंत छत्रे नुकताच कियारिनी या इटालियन माणसाच्या सर्कशीचा खेळ बघून आलेत आणि हट्टाला पेटलेत की हिंदुस्थानी माणसाची सर्कस उभी करायचीच. तुम्ही त्यांच्या ग्रेट इंडियन सर्कशीच्या बाकावर बसा. याच विष्णुपंतांच्या आसऱ्याला रहिमतखाँसारखा गवई होता आणि सर्कशीबरोबर गावोगाव फिरला. खेळ आणि गाणं यांच्यात वरचं-खालचं न मानणारा तो माणूस होता. छत्र्यांच्या मागून देवलांची, कार्लेकरांची सर्कस निघाली. तंबू रुजला तसा पांढऱ्या तोंडाचा विदूषकही इथे रुजला. लाल चेंडूसारखं नाक ग्रिमाल्डीचं नाही, ते फार पुढे आलं. पण सफेदा, गालांवरचा लाल रंग आणि कानापर्यंतचं तोंड त्याचंच. आपल्या तंबूतला विदूषक झुल्यावरून मुद्दाम चुकतो आणि जाळ्यात पडतो, तेव्हा तो बहुतेक वेळा त्या झुल्यावर सगळ्यात तयार असलेला माणूस असतो. चुकणं इतकं बिनचूक करायला वर्षं जातात.

आता आजच्या लंडनमध्ये या. फेब्रुवारीतला पहिला रविवार, शहराच्या पूर्वेकडचं एक चर्च. दरवर्षी या सुमाराला इथे ग्रिमाल्डीच्या स्मरणार्थ प्रार्थना होते आणि तिला विदूषक येतात ते पूर्ण रंगात, पूर्ण पोशाखात, भलेमोठे बूट घालून. बाकांवर एकही चेहरा दुसऱ्यासारखा नाही. १९४६ पासून इंग्लंडमध्ये विदूषकांचे चेहरे अंड्यांवर रंगवून जपून ठेवायची पद्धत आहे, म्हणजे एकाचा चेहरा दुसऱ्याने उचलू नये. ज्याचा चेहरा सगळ्यांनी उचलला, त्याच्यासाठी हे सगळे जमलेत. त्यांच्या चेहऱ्याला नोंद आहे, त्याच्या चेहऱ्याला नव्हती, आणि मला ही नोंद फार मोलाची वाटते. प्रार्थना झाली की ते मुलांसाठी खेळ करतात.

तिथून पेंटनव्हिलला जा. ज्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं ते चर्च आता नाही, तिथे छोटी बाग आहे आणि तिला त्याचं नाव दिलंय. लोखंडी कठड्याआड त्याचं थडगं आहे. जवळच २०१० साली जमिनीत शवपेटीच्या आकारात ब्राँझच्या फरशा बसवल्यात, दोन पेट्यांच्या. एक त्याच्यासाठी, दुसरी त्याच आवारात पुरलेल्या चार्ल्स डिब्डिनसाठी, ज्याच्या खेळात त्याने पहिल्यांदा तोंडाला पांढरा रंग लावला. प्रत्येक फरशीवर पाय पडला की सूर निघतो, आणि नीट नाचलं तर 'हॉट कॉडलिन्स' वाजतं. चाल फार अवघड नाही, पण एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारायला गुडघे धड लागतात. तुमचे धड आहेत. चढा आणि नाचा.